फटफटी सुटेपर्यंत

धान कापणीला आलं की माझ्या हातांना डिझेलचा वास येऊ लागतो. खरं तर हात स्वच्छ असतात, फार तर बोटांना खडू लागलेला असतो, पण नाकाशी नेले की तो वास येतोच. बायको म्हणते, मनाचे खेळ आहेत. असतील. यंदाही बांध्यांमधलं, धानाच्या खाचरांमधलं पाणी आटलं, लोंबं पिवळी पडून खाली वाकली, सकाळी शाळेत जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी विळ्यांचा करकर आवाज यायला लागला, आणि मी सातवीच्या वर्गात शिकवता शिकवता खिडकीशी जाऊन उभा राहिलो. किती वेळ, कोण जाणे. एका पोरीनं विचारलं, "सर, काही हरवलं का?" हरवलं म्हणावं तर काही हरवलेलं नाही, आणि सापडलं म्हणावं तर नेमकं काय सापडलं ते दोन वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

मी विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी जी फजिती झाली ती विज्ञानातच झाली. आमचं गाव सावली तालुक्यातलं, वैनगंगेपासून जवळ. घर ढिवरांचं. बाबा गावच्या तलावातली मासोळी बाजारोबाजार नेऊन विकायचे. मायचा एकुलता एक भाऊ, माझा मामा, नदीपलीकडच्या गावात राहायचा आणि वैनगंगेत जाळं टाकायचा. दोघा साळ्या-मेहुण्यांनी मिळून एक जुनी फटफटी घेतली होती, एका जंगल ठेकेदाराकडून. तिला दोन्ही बाजूंनी टोपल्या अडकवायला लोखंडी कड्या जोडून घेतल्या होत्या. एक आठवडा ती आमच्या अंगणात असायची, एक आठवडा मामाच्या. पुढे मामानं बाजार सोडून शेती धरली, तेव्हा ती आमच्याकडेच राहिली. ती कुणाची, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

दिवाळी झाली, धान निघालं की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, पाहुण्यांची जेवणं, आणि रात्री वडशाहून आलेल्या मंडळींचं नाटक. कोणत्या गावाची मंडई कधी, ते घराघरांत पाठ असतं, कारण त्या दिवशी त्या गावच्या लेकी माहेरी जातात. मामाच्या गावच्या मंडईच्या आदल्या दिवशी बाबा फटफटीला चिंच चोळून धुवायचे. मासोळीचा वास तरीही जायचा नाही. मी पुढे टाकीवर, बाबा मधे, माय मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर वड्यांचा डबा. टाकी खालून तापत जायची आणि माझी मांडी भाजायची, पण उतरवतील या भीतीनं मी बोलायचो नाही. पुलावर आलो की बाबा उगाच हॉर्न वाजवायचे. पलीकडे मामाला तो ऐकू येतो, असं ते मला सांगायचे, आणि मी कितीतरी वर्षं ते खरं मानलं.

बाबा गेले तेव्हा मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर मामा अंगणात बाजेवर बसला होता. हातात पाण्याचा पितळी गडू होता. गडू खाली ठेवून तो चारचौघांत मायला म्हणाला, "फटफटी मले दे बाई आता. तुह्या घरी कोन चालवते?" मी तीन पावलांवर उभा होतो. तिनं त्याला चहा करून दिला, निघताना शिदोरी बांधून दिली, आणि तो गेल्यावर फटफटी ढकलत गोठ्यात नेली. मागच्या चाकात साखळी घालून कुलूप लावलं. किल्ली तिनं कमरेला खोचली, आणि त्या वर्षीच्या मंडईला ती गेली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी मामाचा निरोप आला, चौथ्या वर्षी आला नाही. अशी नऊ वर्षं गेली. मायनं भावाविरुद्ध एक शब्द काढला असं मला आठवत नाही. पण मंडईच्या दिवशी ती मुद्दाम मोठं काम काढायची. गोधड्या धुवायची, सारा गोठा सारवायची, फटफटीच्या चाकापर्यंत सारवून परत फिरायची. तेवढा चाकाखालचा पट्टा कोरडा राहायचा. मला यातलं काय समजत होतं? काहीच नाही. मला वाटायचं, बायामाणसांच्या रुसव्याफुगव्यात आपण पडू नये. हे वाटणं किती सोयीचं होतं ते आता लक्षात येतं.

दोन वर्षांपूर्वी असेच कापणीचे दिवस होते. मामाच्या मुलाचा फोन आला. मामाचे पाय सुजले होते, चालणं बंद झालं होतं, डॉक्टरांनी नागपूरला न्या म्हटलं होतं आणि मामा नाही म्हणून बसला होता. मुलगा म्हणाला, यंदा मंडईला आत्याला आणा, पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. मी मायला जसंच्या तसं सांगितलं. ती धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेत निघालो असताना दारात येऊन म्हणाली, "फटफटी चालू कर. तिच्यावर बसून जाईन. नाई चालू झाली तं नाई जात."

मी म्हटलं, माझी गाडी आहे, एसटी आहे, गावातला ऑटो आहे. ती किल्ली माझ्या हातात देऊन आत गेली. मंडईला तीन आठवडे उरले होते.

नऊ वर्षं उभ्या राहिलेल्या यंत्रात काय काय अडकतं, त्याची मला कल्पना नव्हती. पहिलं तर कुलूपच उघडेना. ते कापावं लागलं. मग कळलं की चाकं फिरत नाहीत, ब्रेक आतल्या आत धरून बसलेत. हँडल एका बाजूला वळून तिथंच थांबलेलं. क्लचची तार तिच्या नळीत गंजून एकजीव झालेली, ॲक्सिलरेटरची मूठ हलेना, टाकीचं झाकण फिरेना. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं आणि सीटच्या स्पंजात उंदरांच्या कित्येक पिढ्या नांदून गेल्या होत्या. आणि किक. मी किकवर उभा राहिलो. माझं वजन काही कमी नाही, हे बायको सांगेल. किक तसूभर खाली गेली नाही. मी तिच्यावर तसाच उभा होतो आणि गोठ्यातली म्हैस माझ्याकडे बघत होती.

सावलीला बसस्टँडजवळ गफ्फारभाईंचं दुकान आहे. बाबांची गाडी तेच बघायचे. आता वय झालं, हात कापतो, पण कान शाबूत आहेत. रस्त्यानं गेलेल्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून तिला काय झालंय ते बाकावर बसल्या बसल्या सांगतात. मी सगळं वर्णन केलं तर म्हणाले, पिस्टन गंजून सिलेंडरला धरून बसलाय. प्लग काढायचा, त्या भोकातून डिझेल आणि रॉकेल अर्धं-अर्धं सोडायचं, गाडी गिअरमध्ये टाकून पुढे-मागे झुलवायची. रोज. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "जोर नका करू मास्तर. जोर केला का तुटते. तेल टाका, थांबा, थोडंसं हालवा. मंग परत तेल टाका. ते आपल्या टाइमानं सुटते."

रॉकेल आता कुठे मिळतं? रेशनवरचं बंद होऊन जमाना झाला. नुसत्या डिझेलवर भागवलं. शाळा सुटली की मी गोठ्यात. बाकीचे भाग एकेक करून सुटत गेले, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. टाकीचं झाकण चार दिवस तेलात भिजवून निघालं नाही आणि पाचव्या दिवशी रागानं चापट मारली तर सुटून हातात आलं. ब्रेकच्या पाटीला पाना लावून लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत बसावं लागलं, पाऊण तास, एकाच लयीत. हँडल कशानं सुटलं ते मला आजही माहीत नाही. संध्याकाळी घट्ट होतं, सकाळी मोकळं होतं. क्लचची तार काही सुटली नाही, ती तोडून नवी टाकली. मला वाटलं होतं की एकदा युक्ती कळली की सगळीकडे ती चालेल. तसं काहीच झालं नाही, आणि मी प्रत्येक नटासमोर पहिल्यासारखाच बावळट होऊन बसायचो.

त्या दिवसांचा वास अजून ओळखू येतो. डिझेल, ओलं शेण, गंज, आणि कापलेल्या धानाच्या तणसाचा तो गोडसर, धुळकट वास. बाहेर धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचले जात होते. बांध्यांमध्ये धानाच्या खुंटांतून लाखोळीचं कडधान्य हिरवं उगवून वर आलं होतं. जीपवर भोंगा लावून नाटकाची जाहिरात करणारे दिवसातून दोनदा जायचे. त्या गावच्या मंडईला हे नाटक, ह्या गावच्या मंडईला ते. मामाच्या गावाचं नाव भोंग्यातून आलं की माय हातातलं काम थांबवायची. मी गोठ्यातून बघायचो. भोंगा लांब गेला की ती पुन्हा कामाला लागायची.

सगळं सुटलं, पण पिस्टन सुटेना. चाक किती फिरतं ते कळावं म्हणून मी शाळेतला खडू आणून मागच्या टायरवर एक रेघ ओढली आणि तिच्यासमोर मडगार्डवर दुसरी. गाडी गिअरमध्ये टाकून मागून ढकलायची आणि दोन्ही रेघा जुळतात का पाहायचं. सातव्या दिवशी, रविवारी भर दुपारी, रेघ हलली. बोटाच्या पेराएवढी. मी ओरडलो. माय धावत आली, तिनं वाकून रेघा पाहिल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं. ती खूश झाली की घाबरली हे मला सांगता येणार नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सगळं पुन्हा घट्ट. त्या दुपारी शाळेतून पळून येऊन पाहिलं तर पेरभर हलतंय. त्याच्या दुसऱ्या सकाळी परत घट्ट. असं रोज. दुपारी आशा, सकाळी दगड. मी डोकं खाजवून एक उपपत्ती मांडली. थंडी वाढली होती, पहाटे गोठ्याच्या पत्र्यावरून दव टपकायचं. थंडीनं धातू आकुंचन पावतो. सिलेंडर आवळतो, पिस्टन अडकतो. हे मी मायला चांगलं दहा मिनिटं समजावून सांगितलं. पिस्टनही धातूचाच आहे आणि तोही आकुंचन पावेल, हे माझ्या लक्षात आलं नाही. तिच्याही आलं नसावं. ती मान हलवत राहिली. दिवस मात्र जात होते. पहिले दोन आठवडे गेले, मग आणखी दोन दिवस, आणि मामाच्या मुलानं परत फोन करून सांगितलं की मामा आता जेवत नाही.

शेवटी मी गफ्फारभाईंना गाडीवर बसवून गावात आणलं. ते खाली पोत्याचा बोरा टाकून बसले, कापऱ्या हातांनी सिलेंडरचं डोकं खोललं, चार नट, आणि वर उचलून आत पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, हे काय भरून ठेवलं? तूप?"

पिस्टनवर पिवळट पांढरा थर बसला होता. तुपासारखाच, कणीदार. माझं डिझेल त्याच्यावर तरंगत होतं. आठवडाभर मी ओतलेलं सगळं त्या झाकणावरच राहिलं होतं, खाली गंजापर्यंत पोचलंच नव्हतं. गफ्फारभाईंनी बोट बुडवलं, वास घेतला आणि खोकला येईपर्यंत हसले. "हे तं टोरीचं तेल हाये," ते म्हणाले.

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल आमच्याकडे घरोघरी काढतात, सांधे धरले की चोळतात. मायचे गुडघे त्याच तेलावर चालतात. हे तेल थंडीत गोठतं. आमच्याकडच्या शेंबड्या पोराला ते माहीत असतं. हिवाळाभर माय ती बाटली उन्हात ठेवते, पातळ झालं की चोळते. आणि मी दरवर्षी आठवीला द्रवणांक शिकवतो, उदाहरण म्हणून मेण आणि तूप देतो, घरात कोनाड्यातल्या बाटलीकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

माय गोठ्याच्या दारात उभी होती. रोज संध्याकाळी गुडघे चोळून झाले की वाटीत उरलेलं तेल ती प्लगच्या भोकात ओतत होती. तिनं लपवलं नाही. मी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच. "माह्या गुडघ्याले सोडवते ते," ती गफ्फारभाईंना म्हणाली, मला नाही. "लोखंडाले काऊन नाई सोडवन?"

गफ्फारभाईंनी तिला, बाई, तुमचं बरोबर आहे, लोखंडालाही सोडवतं, फक्त उन्हात ठेवावं लागतं, असं काहीतरी सांगून सांभाळून घेतलं. मला मात्र राग आला होता. मोजून पाच दिवस उरले होते. आणि रागाबरोबर एक शंकाही आली. साठ वर्षं ही बाई तेलाची बाटली उन्हात ठेवत आली. ते थंडीत गोठतं हे तिला कुणी सांगायला हवं? मी आत तिच्या मागोमाग गेलो आणि सरळ विचारलं, "माय, तुले जायाचं हाये का नाई जायाचं?"

ती चुलीपुढे बसली. वाटी हातातच होती. "मलेच समजलं असतं," ती म्हणाली, "तं त्या फटफटीले काऊन विचारलं असतं?"

या वाक्यापुढे मी आजपर्यंत गेलेलो नाही. अधूनमधून मला वाटतं की मला ते समजलं. भाजी चिरताना, पेपर तपासताना अचानक वाटतं, हां, असं होतं ते. मग ती अंगणात दिसते, सुपात काहीतरी निवडत असते, अगदी साधी, आणि समजलेलं सगळं विस्कटतं. तिनं तेल मदतीसाठी ओतलं की अडवण्यासाठी? की पहिल्या दिवशी मदतीसाठी आणि रेघ हलल्यावर अडवण्यासाठी? काल मी पुन्हा विचारायचं म्हणून तिच्याजवळ जाऊन बसलो. तिनं माझ्या हातात शेंगांची टोपली दिली आणि सोलायला सांगितलं. मी तासभर शेंगा सोलल्या आणि उठून आलो.

त्या दिवशी गफ्फारभाईंनी मायलाच पाणी तापवायला सांगितलं. चांगलं कढत. सिलेंडरला पोत्याचे तुकडे गुंडाळले आणि त्यावर पाणी ओतत राहिले. ती हंड्यामागून हंडा तापवून आणत होती. आतलं तेल वितळून पिवळं धमक झालं, गंजाच्या कडेनं हळूहळू खाली उतरू लागलं. गफ्फारभाईंनी सागवानी ठोकळा पिस्टनवर धरला आणि हातोडी माझ्या हातात दिली, कारण त्यांचा हात कापत होता. हळू, म्हणाले. आणखी हळू. मी ठोकत होतो आणि माय गरम पाण्याचा हंडा घेऊन वाफेत उभी होती. कितव्या ठोक्याला ते झालं, मी मोजलं नाही. ठोकळा एकदम आत गेला. काहीतरी खाली घसरलं, फार आवाज न करता. गफ्फारभाईंनी चाक फिरवलं आणि पिस्टन वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला.

मी विचारलं, कशानं सुटलं? माझ्या डिझेलनं, तिच्या तेलानं, की गरम पाण्यानं? माझी ही जुनी खोड, उत्तर एकच असतं असं मला वाटतं. गफ्फारभाई बोरा झटकत म्हणाले, "दोघायच्या तेलानं सुटलं म्हना न मोकळे व्हा."

पुढचे चार दिवस धावपळीत गेले. सिलेंडर घासणं, नवीन रिंगा, कार्बोरेटर, टायर, ट्यूब. मंडईच्या दिवशी सकाळी मी तिसाव्या की चाळिसाव्या किकला हरत आलो असताना ती धडधडली. निळा धूर गोठाभर झाला. म्हैस दावं तोडायला निघाली. माय आतून आली तेव्हा तिच्या अंगावर नेसायची चांगली साडी होती, म्हणजे ती केव्हापासून तयार बसली होती. वड्यांचा डबाही भरलेला होता. ती सीटवर बसली, एका बाजूला पाय सोडून, आणि मला म्हणाली, उजेड आहे तोवर परत यायचं, रस्त्यात वाघ आहे. नाटकाला थांबायचा तिचा विचार नव्हता.

रस्त्यानं त्या इंजिनाच्या आवाजात बोलता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना मोकळ्या बांध्या, मधे मधे पळसाची झाडं, पुंजण्यांवर बसलेले बगळे. पूल आला. माझ्या मनात हॉर्न वाजवायचं आलं, पण हॉर्न काही आम्ही दुरुस्त केला नव्हता.

मामा अंगणात बाजेवर उन्हात पडला होता. ओळखू येत नव्हता. पाय पोत्यांसारखे सुजलेले, हात काटकुळे. पण आवाज त्यानं ओळखला होता. आम्ही उतरायच्या आधीच तो कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होता आणि सुनेला म्हणत होता, आपली फटफटी आली. त्या 'आपली'वर मायचा चेहरा आवळला. मी बाजूनं पाहत होतो. ती सरळ बाजेपाशी गेली, डबा खाली ठेवला आणि उभ्यानंच म्हणाली, "घे. आनली तुही फटफटी. मागितली होतीस ना."

मामा गोंधळला. म्हणाला, "म्या? कवा?"

"तेरवीच्या दिवशी."

मामानं तिच्याकडे पाहत कपाळ खाजवलं. मग म्हणाला, तेरवीच्या दिवशी मी असं मागीन का? भाऊजी गेले त्या घरी? त्याला खरंच काही आठवत नसल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. आणि मग तो माझ्याकडे वळला. "भाशा, तू होतास ना तिथी. सांग बरं. म्या मागितली होती का?"

मला सगळं आठवत होतं. तो पितळी गडू, तो खाली ठेवल्याचा आवाज, बाजेवर कोण कोण बसलं होतं, कोणत्या शब्दांत त्यानं मागितली. मायही माझ्याकडे पाहत होती. तिला माझ्याकडून काय हवं होतं? नऊ वर्षांची साक्ष? की सुटका? मी हो म्हटलं तर उठता न येणाऱ्या माणसाला त्याच्या अंगणात खोटं पाडायचं. नाही म्हटलं तर मायची नऊ वर्षं तिच्याच चुकीवर जायची. तिच्या डोळ्यांत मी उत्तर शोधलं आणि मला ते वाचता आलं नाही. फटफटीचं इंजिन गार होताना बारीक टिकटिक करत होतं, तेवढाच आवाज होता.

मी म्हणालो, "मले आठवत नाई, मामा."

माय मग बाजेच्या कडेला, त्याच्या पायांशी बसली. "मंग नसन मागितली," ती म्हणाली.

मामाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, म्हणून नाही आलीस का तू इतकी वर्षं? ह्यासाठी? मायनं डब्याचं झाकण काढलं, एक वडा मोडला आणि त्याच्या हातात दिला. "नाई रे," ती म्हणाली, "कामंच लय होते."

त्यानं वडा खाल्ला. दुसराही खाल्ला. सून दारातून बघत होती, तिनं नवऱ्याला हाक मारून बोलावलं, बाबा जेवून राह्यले म्हणून. फटफटी घ्यायला मामानं साफ नकार दिला, पाय हलत नाहीत आणि ती ठेवून काय करू म्हणाला. दुपारभर दोघं भावंडं बोलत होती. लहानपणच्या पुराबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल, एका आंधळ्या बैलाबद्दल. मधेच हसत होती. मी अंगणाच्या कडेला बसून राहिलो, मला त्यातलं कुणीही माहीत नव्हतं. मामा त्यानंतर सहा महिने होता. तोवर माय आणखी चारदा गेली, एसटीनं, मला न सांगता.

त्या दिवशी परत निघालो तेव्हा ऊन कलंडलं होतं. पुलावर गाडी जरा हळू केली, कारण नवीन रिंगा होत्या आणि गफ्फारभाईंनी पळवू नका म्हणून बजावलं होतं. माय पुढे वाकून माझ्या कानाशी आली.

"तुले आठवत होतं," ती म्हणाली.

मी मान हलवली. खोटं बोलल्याबद्दल ती रागावेल असं वाटलं. पूल संपत आला तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोल सांभाळायला ठेवतात तसा, आणि पुन्हा पुढे वाकली.

"त्यालेही आठवत होतं," ती म्हणाली.